रॅथड्रमला उतरा! विकलोच्या झाडीतून सायकल चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये नव्याने आलेले मराठी लोक सायकल घेतली की पहिल्या महिन्यात साधारण हेच प्रश्न विचारतात. पुण्याहून-नाशिकहून फिरायला येणारेही तेच विचारतात. प्रत्येकाला फोनवर तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढली. उत्तरं रस्त्यावरच्या सायकलीसाठी आहेत. डोंगरउतारावरच्या चिखलात उड्या मारणाऱ्यांसाठी नाहीत.

एवढा देश पडलाय, मग विकलोच का?

कारण ते डब्लिनच्या दारात आहे. शहराच्या दक्षिणेला डोंगर सुरू होतात तेच विकलोचे. लुग्नाक्विला हे तिथलं सर्वात उंच शिखर ९२५ मीटरचं, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. पण नद्यांच्या खोऱ्यांत जुनी ओकची झाडी, सहाव्या शतकातला मठ आणि बंडखोरांना पकडायला बांधलेला लष्करी रस्ता, हे सगळं एका दिवसाच्या सायकलफेरीत बसतं. केरी, कॉनमारा सुंदर आहेत, पण तिथे पोहोचण्यातच अर्धा दिवस जातो.

डब्लिनहून सायकलनेच निघावं का?

माझं मत, नाही. शहरातून बाहेर पडताना पहिले वीस-पंचवीस किलोमीटर सिग्नल, बस आणि चढ यांत जातात आणि झाडी येईपर्यंत पाय संपलेले असतात. कॉनॉली स्टेशनवरून रॉसलेअरकडे जाणारी गाडी पकडा आणि रॅथड्रमला उतरा. सुमारे दीड तास लागतो. जाताना डाव्या बाजूला बसा. ब्रे आणि ग्रेस्टोन्सच्या मधे ही लाइन समुद्राच्या कड्याला चिकटून जाते; ती इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरच्या देखरेखीखाली आखली गेली. रॅथड्रम स्टेशनातून बाहेर पडलं की चढ चढून गावात यायचं. तिथून तिन्ही दिशांना चांगले रस्ते फुटतात. खाली दिलेल्या तिन्ही मुख्य फेऱ्या इथूनच सुरू होतात.

नकाशात सगळीकडे हिरवंच दिसतं. ते सगळं जंगल आहे का?

बहुतेक कुरणं आहेत. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण इथे येणाऱ्या प्रत्येकाचा हा गैरसमज असतो. हिरवा रंग गवताचा. आज देशाची साधारण ११.६ टक्के जमीन जंगलाखाली आहे आणि युरोपच्या मानाने हे फारच कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर दीड टक्काही उरली नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकात जहाजं, पिंपं आणि लोखंड वितळवायला लागणारा कोळसा यांपायी ओकची जंगलं साफ झाली. वर शेतीचा आणि गुरांचा दाब होताच.

म्हणजे रस्त्यावर तुम्हाला दोन तऱ्हेची झाडी भेटेल. एक, डोंगरांच्या अंगावर शिस्तीत उभी असलेली सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची लागवड. आत अंधार, खाली काही उगवत नाही, पक्षी गप्प. आपल्याकडच्या निलगिरीच्या लागवडीत उभं राहिल्यावर जे वाटतं, तेच इथे वाटतं. दुसरी, नदीकाठची जुनी झाडी: ओक, हॉली, हेझल, दगडांवर मखमलीसारखं शेवाळ, फांद्यांवर नेचे. ही थोडीच उरली आहे, पण मी सांगतोय ते रस्ते मुद्दाम तिच्यातून जातात. मे महिन्यात या ओकांखाली ब्लूबेलची निळी चादर पसरते. ती साधारण दोन-तीन आठवडे टिकते, तेवढ्यात जाऊन या.

पहिल्याच वेळी कोणता रस्ता धरावा?

रॅथड्रम ते ग्लेनडालॉक आणि परत. जाऊन-येऊन तीस किलोमीटर. आर ७५५ हा रस्ता क्लारा व्हेलमधून, म्हणजे अव्हनमोर नदीच्या खोऱ्यातून लाराला जातो. इथली ओकची झाडी देशातल्या मोठ्या नैसर्गिक ओकवनांपैकी एक आहे आणि ती राखीव आहे. रस्ता चढतो-उतरतो, पण दम काढत नाही. मधेच नदी दिसते, मधेच नुसती ऐकू येते. रविवारी अकरानंतर मोटारी वाढतात. म्हणून जमलं तर सकाळची पहिली गाडी गाठा.

लाराहून डावीकडे वळलात की तीनेक किलोमीटरवर ग्लेनडालॉक. नावाचा अर्थच ‘दोन तळ्यांचं खोरं’. संत केव्हिन यांनी सहाव्या शतकात इथे एकांतवास धरला आणि पाठोपाठ मठ उभा राहिला. सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा लांबूनच दिसतो. त्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर आहे. शिडी वर ओढून घेता यावी म्हणून, असं पूर्वापार सांगतात; अभ्यासक मात्र तो मुख्यतः घंटेचा मनोरा मानतात. मनोऱ्याचं टोक वीज पडून की वयाने, ढासळलं होतं. ते १८७६ मध्ये जुनेच दगड वापरून पुन्हा बसवलं. आत जाताना जी दुहेरी दगडी कमान लागते तिच्याकडे लोक ढुंकूनही बघत नाहीत, आणि मठाचं असं प्रवेशद्वार अख्ख्या आयर्लंडमध्ये हे एकच शिल्लक आहे. सायकल हातात धरून तिच्याखाली जरा थांबा. पायाखालची फरसबंदीही जुनीच आहे.

केव्हिन यांची एक गोष्ट इथे सगळे सांगतात. हात पसरून प्रार्थना करत असताना एक ब्लॅकबर्ड येऊन तळहातावर बसली, तिने घरटं केलं, अंडी घातली. पिल्लं उडून जाईपर्यंत संतांनी हात हलवला नाही. वाल्मीकींवर वारूळ चढलं ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं.

वरच्या तळ्यापर्यंत अजून दीडेक किलोमीटर आहे. तिथले उंच पाइन एकोणिसाव्या शतकात शिशाच्या खाणीतल्या कामासाठी, बोगद्यांना टेकू द्यायला लावले होते. खाण बंद पडली, झाडं राहिली. आज फोटो सगळे त्यांचेच काढतात.

जरा कस लागेल असं काही?

ग्लेनमलूर. रॅथड्रमहून ग्रीननमार्गे ड्रमगॉफच्या चौकात, तिथून उजवीकडे लष्करी रस्त्याने डोंगर ओलांडून लाराला आणि क्लारा व्हेलमधून परत. साधारण ३५ किलोमीटर. माझ्या मते पूर्व आयर्लंडमधली सर्वात सुंदर छोटी फेरी हीच, आणि मी ती पंधरा-वीस वेळा तरी केली असेल.

ग्लेनमलूरचं खोरं लांब, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी उभं. शेवटी रस्ताच संपतो. २५ ऑगस्ट १५८० रोजी लॉर्ड ग्रे याचं इंग्रज सैन्य या खोऱ्यात शिरलं आणि फियाख मॅकह्यू ओबर्न या आयरिश सरदाराच्या माणसांनी झाडीत दबा धरून त्याचा फडशा पाडला. सह्याद्रीत वाढलेल्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. ड्रमगॉफच्या चौकात उभं राहून डोंगरउताराकडे बघितलं की जागा कशी हेरली असेल ते दिसतंच.

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या बंडानंतर बंडखोर मायकल ड्वायर आणि त्याचे साथीदार याच डोंगरांत लपून राहिले. त्यांना हुडकायला सरकारने १८०० मध्ये डोंगरांतून आरपार रस्ता काढायला घेतला आणि वाटेत ठिकठिकाणी बराकी बांधल्या. ड्रमगॉफच्या बराकीचे अवशेष चौकाजवळच आहेत. गंमत अशी, की ड्वायर १८०३ च्या डिसेंबरात शरण आला आणि पुढे ऑस्ट्रेलियाला रवाना झाला. रस्ता पुरा झाला १८०९ मध्ये. ज्याच्यासाठी बांधला त्याच्या उपयोगी न पडलेला हा रस्ता आता आपल्यासारख्यांच्या उपयोगी पडतो.

ड्रमगॉफहून लाराकडचा चढ ‘शे एलियट’ या नावाने ओळखला जातो. शे एलियट हा डब्लिनचा सायकलपटू, १९६३ च्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी घालणारा पहिला आयरिश. चढ संपतो तिथे त्याचं स्मारक आहे. सिंहगड चढलेल्यांनी घाबरू नये, उंची त्याच्या निम्म्याहून कमी आहे. स्प्रूसच्या लागवडीतून वळणं घेत रस्ता वर येतो, नंतर एकदम उघडा पडतो आणि वारा अंगावर येतो. उतारावर मात्र जपून. कडेची खडी, मेंढ्या आणि ओली वळणं, तिन्ही एकदम भेटू शकतात.

आणि सॅली गॅप? सगळे त्याचेच फोटो टाकतात.

जा की, पण ते जंगल नव्हे. सॅली गॅप ५०० मीटरच्या आसपासची उघडी खिंड आहे. चहूकडे पीटची दलदल आणि हेदरची खुरटी झुडपं, आडोसा शून्य, दुकान नाही. निरभ्र दिवशी खाली लॉख टे या तळ्याचं काळं पाणी आणि पांढरी वाळू बघून डोळे निवतात. ढग उतरलेल्या दिवशी मात्र पुढच्याचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही. पहिल्या फेरीसाठी नको.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर?

रॅथड्रम, एव्हनडेल, अव्होका, वुडनब्रिज, ऑक्रिम, टिनाहीली, शिलेला. एका बाजूने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर; तेवढंच परत. ज्यांना ऐंशी झेपत नाहीत त्यांनी अव्होका किंवा ऑक्रिमहून मागे फिरावं, काही बिघडत नाही.

एव्हनडेल स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर आहे आणि मराठी माणसाने ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल १८४६ मध्ये या घरात जन्मला. आयरिश होमरूलच्या चळवळीचा हा पुढारी. टिळकांनी १९१६ मध्ये जी होमरूल लीग काढली, तिचं नाव याच चळवळीवरून आलेलं. दुसरा धागा त्याहून मजेशीर आहे. पार्नेलच्या शेतकरी चळवळीच्या काळात, १८८० मध्ये, मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावाने सगळे व्यवहार तोडले. ना कोणी पीक कापायला जाई, ना दुकानदार माल देई. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात तेच. त्याच्या आडनावाचा शब्द झाला आणि पंचवीस वर्षांनी तो स्वदेशीच्या चळवळीत आपल्या वर्तमानपत्रांतून छापला जाऊ लागला. मी पहिल्यांदा त्या घरासमोर सायकल टेकवली तेव्हा शाळेतली ‘चतुःसूत्री’ आठवून हसू आलं. पाठ करताना कुठे ठाऊक होतं!

हीच मालमत्ता सरकारने १९०४ मध्ये विकत घेतली आणि तिथे वनशिक्षणाची शाळा काढली. देशोदेशीची झाडं लावून इथल्या मातीत कोणतं धरतं ते पाहिलं. दीड टक्क्यावरून आजपर्यंत जी मजल मारली तिची सुरुवात इथली. २०२२ पासून झाडांच्या शेंड्यांतून चालायचा लाकडी पूल आणि ३८ मीटरचा मनोरा झाला आहे. तिकीट आहे, गर्दीही आहे. घाई असेल तर तो सोडून खालच्या जुन्या वृक्षांमधून फेरफटका मारा, सायकल मात्र बाहेर लावून.

पुढे अव्हनमोर आणि अव्हनबेग या नद्या मिळून अव्होका होते तो संगम रस्त्यावरूनच दिसतो. त्याखाली काठाचे दगड तांबूस दिसू लागले तर दचकू नका. इथे तांब्याच्या खाणी होत्या, शेवटची १९८२ मध्ये बंद झाली आणि तिचं पाणी अजून झिरपतंय. अव्होका गावातली हातमागाची गिरणी १७२३ पासूनची.

टिनाहीली ओलांडली की रस्त्यालगत टॉमनाफिनोगचं वन. एकेकाळी या भागात शिलेलाच्या ओकांची प्रचंड जंगलं होती. वेस्टमिन्स्टरच्या सभागृहाचं छप्पर इथल्या लाकडाचं आहे असं गावकरी छातीठोकपणे सांगतात. आयरिश लोकांच्या हातातल्या गाठीच्या सोट्याला जगभर ‘शिलेला’ म्हणतात तेही याच गावावरून. त्या जंगलाचा उरलेला तुकडा म्हणजे टॉमनाफिनोग. नदीकाठाने अर्ध्या तासात चालून होतो. इथलीच कूलॅटिनची जहागीर फिट्झविल्यम घराण्याची होती. दुष्काळाच्या काळात, १८४७ ते १८५६ या वर्षांत, या जहागिरीने आपल्या कुळांतल्या सुमारे ६,००० माणसांना जहाजाचं भाडं देऊन कॅनडाला धाडलं. भाडं दिलं खरं, पण घरं पाडण्याची अटही होती. आता रस्त्याला लागून जी सुंदर मोकळी कुरणं लागतात, ती मोकळी का आहेत ते हे कळल्यावर वेगळं दिसतं.

चढ नको, इतिहास हवा. काय करू?

विकलो सोडा आणि उत्तरेला बॉइन नदीच्या खोऱ्यात जा. ट्रेनने ड्रॉहेडा. तिथून नदीकाठाने १६९० च्या बॉइनच्या लढाईचं मैदान आणि पुढे टाउनली हॉलची झाडी. मग मेलिफंटचा ११४२ मधला मठ आणि मोनास्टरबॉइसचा कोरीव दगडी क्रूस, साडेपाच मीटर उंच. त्याच्या एकेका चौकटीत एकेक प्रसंग कोरला आहे. वेरूळ पाहिलेल्याचेही पाय थोडा वेळ थबकतात. न्यूग्रेंजचं थडगं साधारण इ.स.पू. ३२०० चं, पिरॅमिडांच्याही आधीचं. मात्र तिथे सायकलने थेट दारात जाता येत नाही; नदीच्या दक्षिणेकडच्या केंद्रावर तिकीट घेऊन त्यांच्याच बसने जावं लागतं. तिकीट आधी काढा.

मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर?

रस्ता नको, ग्रीनवे घ्या. वॉटरफर्ड ग्रीनवे हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ४६ किलोमीटरचा सायकलमार्ग डंगारव्हनपर्यंत जातो. मोटारी अजिबात नाहीत, चढ जाणवत नाही, मधे ४०० मीटरचा बोगदा आहे आणि मुलं त्यात हटकून ओरडतात. भाड्याने सायकली मिळतात, बॅटरीवरच्याही.

रस्ते कसे आहेत?

एम म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय, शक्यतो टाळा. आर म्हणजे प्रादेशिक, आणि एल म्हणजे स्थानिक. खरी मजा एलमध्ये. त्याहूनही लहान असेल त्याला इथे ‘बोरीन’ म्हणतात: दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, मधोमध गवताची पट्टी, जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढी रुंदी. मराठीत याला नेमका शब्द आहे, पाणंद. आयरिशमध्ये रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात, तो ‘बो’ म्हणजे गाय या शब्दावरून आला. बोरीन म्हणजे छोटा बोहर. आणि ही ‘बो’ व आपली ‘गो’ एकाच मुळाच्या.

पृष्ठभाग खडबडीत असतो. डांबर फवारून वर बारीक खडी पसरायची पद्धत आहे, ती उन्हाळ्यात नवी असली की चाक घसरतं. म्हणून २५ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर घरी ठेवा. २८ किंवा ३२ चे लावा, हवा जरा कमी भरा. शेणखत सांडलेलं असेल तिथे तोंड मिटून घ्यावं. हा विनोद नाही.

पंक्चर फार होतात का?

सप्टेंबरनंतर होतात. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपणं छाटायला कायद्याने बंदी आहे. १ सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टरला पातं लावून सगळे एकदम सुटतात आणि हॉथॉर्नचे काटे रस्ताभर पडतात. बाभळीचा काटा ज्याने पाहिला आहे त्याला जास्त सांगायला नको.

एका ऑक्टोबरात ग्रीननच्या वर मला लागोपाठ दोन झाले. दुसरी ट्यूब नव्हती, ठिगळ होतं. पण पाऊस भुरभुरत होता, भोक सापडेना. भिंतीवर बसून ट्यूब गालाला लावून हवा कुठून येते ते चाचपत होतो, तेवढ्यात समोरच्या फाटकातून एक म्हातारे शेतकरी आले. काही न विचारता आत गेले आणि वासरांना दूध पाजायची बादली पाण्याने भरून घेऊन आले. बुडबुडे दिसले. टायरमध्ये नखाएवढा काटा अडकला होता, तो त्यांनीच पक्कडीने उपटला आणि खिशात टाकला. ‘ग्रँड’ म्हणाले, आणि परत गेले. तेव्हापासून दोन ट्यूब, ठिगळं आणि छोटी पक्कड सोबत असते.

कोणत्या महिन्यात जावं?

मे, जून आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. मेमध्ये कुंपणं हॉथॉर्नच्या फुलांनी पांढरी, माळ गॉर्सने पिवळा. जूनच्या मध्यावर पहाटे पाचला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारनंतर अंधार. तेव्हा ग्लेनमलूरचा हट्ट नको.

पाऊस?

डब्लिनला वर्षभरात पडणारा पाऊस आणि पुण्याचा पाऊस जवळजवळ सारखाच, साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. फरक एवढाच, की पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो आणि इथे बाराही महिने हप्त्याहप्त्याने फेडतात. डोंगरांवर अर्थात कितीतरी जास्त. मुसळधार क्वचित, बहुधा भुरभुर, तिला इथे लाडाने ‘सॉफ्ट डे’ म्हणतात. अंदाज पाहताना पावसापेक्षा वारा पाहा. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. जाताना समोरून घ्या, म्हणजे परतताना पाठीशी राहील. पातळ जलरोधक जाकीट जुलैतही खिशात हवं, आणि बोटं झाकणारे हातमोजे.

खायचं काय? शाकाहारी आहे.

उपाशी राहणार नाही, पण निवडही नाही. भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड, चीज टोस्टी, स्कोन, चहा. यावर दिवस निघतो आणि चहा चांगला कडक मिळतो. लारा, रॅथड्रम, ऑक्रिम, टिनाहीली इथे दुकानं आहेत. मधल्या पट्ट्यात काही नाही, आणि रविवारी सकाळी लवकर काही उघडत नाही. मी खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवतो. दोनशे रुपयांच्या एनर्जी जेलपेक्षा ती बरी, आणि पावसात चिकटतही नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

मोटारवाले त्रास देतात का?

एल रस्त्यांवर क्वचित. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ८० वरून ६० वर आणली आहे. सगळे पाळतात असं नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. दोघांनी शेजारीशेजारी चालवणं कायदेशीर आहे, तरी अरुंद वळणावर एकामागे एक व्हावं. हेल्मेटची सक्ती नाही, पण घालाच. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा. समोरून येणारा शेतकरी स्टिअरिंगवरून एकच बोट उचलतो, तो नमस्कार आहे. तुम्हीही एक बोट उचला. अख्खा हात हलवलात तर पाहुणे आहात हे कळतं.

जंगलातल्या वाटांवर सायकल नेता येते का?

चिन्हांकित सायकलमार्ग असेल तरच. सरकारी वनकंपनी कोइल्टे हिच्या जंगलांत चालायला मुभा असते, सायकलला सगळीकडे नसते. फाटकावरची पाटी वाचा. शेतं खासगी आहेत आणि त्यांतून जायचा सरसकट हक्क इथे नाही. फाटक जसं असेल तसं ठेवून निघा.

प्राणी?

वाघ-बिबट्या नाहीत, साप तर नाहीतच. संध्याकाळी सिका हरणं रस्त्यावर उडी घेतात, तेव्हा उतारावर वेग आवरा. शेतावरचे कॉली कुत्रे पाठलाग करतात, पण फाटकाच्या हद्दीपर्यंतच. मेंढ्या वळवायची सवय असल्याने ते तुम्हालाही वळवू पाहतात. नेच्यांच्या झुडपात शिरलात तर घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का पाहा, तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो.

आणि शेताच्या मधोमध एकटंच हॉथॉर्नचं झाड दिसलं तर ते परींचं समजलं जातं. ट्रॅक्टर त्याला वळसा घालतो, पण कोणी तोडत नाही. देवराईतलं लाकूड घरी न नेणाऱ्या कोकणी आजीला हे लगेच पटेल.

पाट्यांवरची नावं वाचताच येत नाहीत!

वरची तिरकी ओळ आयरिश, खालची इंग्रजी. काही तुकडे लक्षात ठेवले की नकाशा उलगडतो. ‘ग्लेन’ खोरं, ‘रॅथ’ मातीचा गोल गढीवजा कोट, ‘किल’ चर्च, ‘नॉक’ टेकडी, ‘बॅली’ गाव, ‘डेरी’ ओकचं वन. वडगाव-पिंपळगावसारखंच आहे हे; डेरी असलेल्या कितीतरी गावांत आज एकही ओक नाही, फक्त नाव उरलंय. शेवटचा ‘जीएच’ कधी गिळायचा, कधी ‘क’ करायचा. लारामध्ये गिळतात, ग्लेनडालॉकमध्ये उच्चारतात. का, ते विचारू नका.

ट्रेनमध्ये सायकल नेण्याचे नियम काय?

उपनगरी डार्ट गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ७ सायकलला मनाई, शनिवार-रविवारी चालते. डार्ट मात्र ग्रेस्टोन्सलाच संपते. रॅथड्रमच्या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलच्या जागा मोजक्याच, त्या ऑनलाइन तिकिटाबरोबर राखून ठेवा. आम्ही चौघे एकदा दोनच जागा धरून गेलो. उरलेल्या दोघांना फलाटावर ठेवून गाडी सुटली. चूक आमचीच होती.

भारतातून दहा दिवसांसाठी येतोय. सायकल आणू की भाड्याने घेऊ?

दोन-तीन फेऱ्यांसाठी भाड्याची बरी, डब्लिनमध्ये मिळते. काही आणायचंच असेल तर पेडल आणि सीट स्वतःची आणा, बाकी सायकल इथली चालते. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. ब्रिटनही बघायचं असेल तर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची चौकशी करा, ती भारतीयांना लागू आहे. शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही, यात दरवर्षी कोणीतरी फसतं.

वाटेत काही झालं तर?

११२ किंवा ९९९. पण ग्लेनमलूरमध्ये रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून ठेवा. रॅथड्रमला गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत. ती चुकली तर पुढचं डार्टचं स्टेशन ग्रेस्टोन्स, तिसेक किलोमीटरवर.